न झोपणाऱ्या माणसाची वाकळ

मी एक जुनी वाकळ आहे. डोंगरकडा गावच्या संतरामने मला शेवटचे नीट अंगावर घेतले, तो दिवस अगदी साधा होता. भाकरी खाऊन तो दुपारी लवंडला आणि घोरू लागला. त्याची लेक अनुसूया माझी एक कड ओढून त्याच्या पाठीशी निजली. माझ्या पोटात तिच्या गेलेल्या आईची दोन लुगडी आहेत.

संतराम कापसाची लॉरी नांदेडला नेई. जर्मन-जपानची मोठी लढाई नुकतीच संपली होती. पलटणीतून परतलेला गोपीचंद त्याला उठवायला आला.

"काहून पेंगून राहिला गड्या? वाकळीशी लगीन लावलं का काय? ही गोळी घे. पलटणीत आमी तीन-तीन रोज जागलो हिच्यावर."

त्या हंगामात संतराम जवळजवळ झोपलाच नाही. "माणूस न्हाई, इंजन हाय," असे गाव कौतुकाने म्हणे. मी कपडे टाकायच्या वलणीवर घडी होऊन पडले. माझ्यावर धूळ बसली.

मित्रांनो, ती गोळी नवे बळ देत नाही. मेंदूत तरतरीचा आणि आनंदाचा जो साठा असतो, तो ती एकदम उपसते. आड फार उपसला की गाळ उरतो. संतरामला काही गोड लागेना. एका गोळीच्या चार झाल्या. रिकाम्या वाटेवर त्याला माणसे दिसू लागली.

एकदा त्याने मला खाली ओढले. मी हरखले. पण तो ओसरीत बसून माझे टाके उसवून चिंध्या अंगणात फेकू लागला.

"किडे हायत हिच्यात."

"न्हाईत आबा, मी बघितलं."

"तू बी त्यांना सामील हायेस!"

अनुसूया अंगणात वाकली. आईच्या लुगड्यांचे तुकडे वेचत राहिली.

पुढे गोळ्या सुटल्या. पण नांदेडचा रोजचा रस्ताही त्याला आठवेना. काळीज थकले होते. १९४८च्या उन्हाळ्यात तो गेला.

अनुसूयेने मला पुन्हा शिवले. जे तुकडे सापडले नाहीत, तिथे परके कापड आहे. वाकळ अशी सांधता येते, मित्रांनो. मेंदूसाठी तशी सुई नाही. कुणी जागण्याची गोळी पुढे केली, तर सरळ घरी जाऊन झोपा.

काल तिने मला अंथरले. संतरामची बाजू मोकळी ठेवून ती आपल्या कडेला निजली आणि मोठ्याने म्हणाली,

"आबा, तुमी जागे व्हते ना, तवाच मला तुमची लई आठवण यायची."