गजानन सरांच्या नावानं उघडणारा संगणक

धावड्याच्या शाळेतल्या संगणक खोलीत त्या दुपारी मुलं नव्हती, गाव होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना धरून उभी माणसं, आत हार घातलेला संगणक आणि त्याच्या पडद्याच्या कडेला ओढलेलं कुंकवाचं बोट. प्रितमनाथ महाराजांनी मिटल्या डोळ्यांनीच फर्मावलं, "उघडा. पण त्याच्याच नावानं उघडा. दुसऱ्याच्या नावानं आत्मा येत नसतो."

मोबाइल दुकानवाल्या पप्पूनं नाव आणि पासवर्ड टाकला. महाराजांनी घंटा हलवत मंत्र धरला. मंत्र संपला आणि स्पीकरमधून आवाज आला, "कल्याणी, मी इथंच हाये."

आवाज गजानन सरांचा होता. याच शाळेतले गजानन सर मोटारसायकलच्या अपघातात जाऊन दोन महिने झाले होते.

बायांनी पदर तोंडाला लावले. सरांची बायको कल्याणी रडली नाही. तिनं फक्त स्पीकरवर हात ठेवला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या भुजंग सरांना ते बघवेना.

"ऐकलंस ना माय?" महाराज म्हणाले. "जीव अडकलाय. खालचं नेटवर्क तुटलं, वरचं लागंना. रस्त्याकडच्या तुझ्या दोन गुंठ्यांत त्याचं ठाणं बांधू, मंग सुटंल. बिलकुल उशीर न्हाई करायचा."

"उद्याच भोकरदनला नोंदणीला जाऊन राह्यले, महाराज. दानपत्र तयार हाये."

कल्याणीच्या नावावर तेवढीच जमीन होती. तिथं दोन खोल्या बांधायच्या आणि पिठाची गिरणी टाकायची, हे नवरा-बायकोचं ठरलेलं होतं.

भुजंग सर याच शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत होते. आवाज पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी स्वतः तपास केला होता. शाळेच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती. आपण आत शिरलो की आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची त्यात एक यादी असते. ती त्यांनी तीनदा पाहिली. वावगं काही नव्हतं. इंटरनेटची वायर काढली, स्पीकर बदलला. तरी महाराज आले की आवाज यायचा. "काय सर, कुठं गेलं तुमचं विज्ञान?" असं पारावरचे विचारायचे. गेल्या आठवड्यात तर या खोलीसमोरून जायचं टाळून ते मागच्या दारानं घरी गेले होते. त्याची त्यांना लाज वाटत होती.

शिपाई कडूबानं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "सर, नववीचा पेपर छापायचा राह्यलाय. त्याच्यावर तर दिसंना कुठं."

"तो माझ्या नावानं उघडल्यावर दिसतो, कडूबा. आत्ता गजानन सरांच्या नावानं…"

सरांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. संगणकात ज्याच्या नावानं उघडावं त्याची खोली वेगळी. पेपर वेगळे, चित्रं वेगळी, मग आपोआप सुरू होणाऱ्यांची यादीही वेगळीच. तिन्ही वेळा त्यांनी स्वतःच्याच खोलीत शोधलं होतं.

ते पुढे झाले. "महाराज, एकदा माझ्या नावानं उघडू."

"खेळ वाटून राह्यला का मास्तर?"

"हो, तसंच वाटून राह्यलंय."

सरांनी आपल्या नावानं संगणक उघडला. महाराजांनी दोनदा मंत्र म्हटला. स्पीकर गप्प.

"तुमच्यावर रुसलाय तो," महाराज म्हणाले.

"असंल. आता त्याच्या नावानं उघडतो. पण मंत्र कडूबा म्हणंल."

"मला कुठं येतो मंत्र?" कडूबा बावरला.

"एकोणतीसचा पाढा म्हण." सरांनी गजानन सरांचं नाव आणि पासवर्ड टाकला.

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. कडूबा अडखळत, घाम पुसत एकोणतीस सातेपर्यंत पोचला, आणि आवाज आला, "कल्याणी, मी इथंच हाये."

आता कुणी हसलं नाही. पप्पू दाराकडे सरकत होता. दारातली माणसं हलली नाहीत.

सरांनी लपवलेले फोल्डर दिसतील अशी कळ दाबली. त्यातल्या एकात पाच-सहा ओळींची छोटी फाइल होती. सरांनी ती मोठ्यानं वाचून तिचा अर्थ सांगितला : या नावानं कुणी आत शिरलं की चाळीस सेकंद थांब, मग हा आवाज वाजव. "महाराजांचा मंत्र बरोबर चाळीस सेकंदांचा हाये. आता तारीख बघा. गजानन गेला बारा फेब्रुवारीला. ही फाइल ठेवली तीन मार्चला."

"पासवर्ड कुणाला ठाऊक होता?" एकानं विचारलं.

सरांनी पडद्याच्या कडेला बोट केलं. सगळ्या शिक्षकांचे पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी तिथं वर्षभर चिकटवलेली होती. "चूक आमची," ते म्हणाले.

कल्याणीनं आपला मोबाइल काढला. बराच वेळ ती नवऱ्याचे जुने निरोप बोटानं सरकवत राहिली. मग खोलीत तोच आवाज घुमला. "कल्याणी, मी इथंच हाये शाळेत. वह्या तपासून राह्यलो. भाकरी झाकून ठेव."

"पप्पू," ती म्हणाली, "ते गेल्यावर हा फोन तुझ्याकडं दुरुस्तीला आल्ता."

"वहिनी, मला महाराज म्हणले…" पप्पू महाराजांकडे बघायला लागला.

"आत्मा कोणत्याही वाटंनं येतो," महाराज घंटा पिशवीत टाकत म्हणाले.

भुजंग सर गावाकडे वळले. "मलाही इतके दिवस उत्तर सापडलं न्हाई. पण सापडलं न्हाई म्हणून ते भूत ठरत नव्हतं. मी चुकीच्या जागी शोधून राह्यलो होतो. तुम्हालाही कळलं न्हाई तर 'ठाऊक न्हाई' म्हणा, त्यात कमीपणा न्हाई. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीवर अंगठा देऊ नका. पहिले विचारा, तपासा, दुसऱ्याच्या हातानं करून बघा."

काहींनी माना हलवल्या. दोघं-तिघं तरीही महाराजांच्या पाया पडूनच बाहेर गेले. सरांनी ते पाहिलं.

"वहिनी, पोलीस येईपर्यंत त्या फाइलला हात लावायचा न्हाई. आणखी एकदा ऐकायचं हाये का?"

"नको. त्याच्यात अर्धंच हाये." तिनं मोबाइल कमरेला खोचला, सरांच्या खिशातला पेन मागून घेतला आणि बाकावर बसली. "तक्रारीत पहिल्यांदी काय लिहायचं, सांगा."