टिपकागद आणि मरून स्वेटर

गल्लीच्या टोकाच्या त्या लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावत नसत. पावतीही नसे. कपडे काउंटरवर टाकायचे आणि निर्धास्त घरी जायचं, कारण काउंटरमागे तो बसलेला असे, ज्याला सगळी गल्ली टिपकागद म्हणे. एकदा नजरेखालून गेलेला कपडा तो विसरत नसे. कॉलरचा निघालेला दोरा, खिशाची शिवण, बाहीवरचा पुसट डाग, सगळं त्याच्या डोक्यात जाऊन बसे आणि तिथून हलत नसे. एकसारख्या पांढऱ्या शर्टांच्या ढिगातून एक उचलून तो म्हणे, "हे मास्तर. अजून ओले आहेत." आणि मास्तर खरोखरच ओले असत.

माणसं मात्र त्याच्या लक्षात राहत नसत. तेच मास्तर नवा शर्ट घालून आले की तो त्यांच्याकडे परक्यासारखा बघे. "हा कपडा आधी आलेला नाही," एवढंच. मास्तर बिचारे घरी जाऊन जुना शर्ट चढवून परत येत. हळूहळू सगळी गल्लीच लाँड्रीत येताना जुनेपाने कपडे घालू लागली होती.

लोकांचं ठीक होतं. ताईचं काय? ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. लाँड्री तीच चालवायची, दोन्ही हातांत कायम गाठोडी, आणि अंगात बारा महिने एकच मरून स्वेटर. बॉयलर तापला की ती घामाने निथळायची, पण स्वेटर काही उतरायचा नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मला थंडी बाधते." ही शुद्ध थाप होती.

खरी गोष्ट वेगळीच. आई गेली त्या हिवाळ्यात ताई एकदा आईचा जुना कोट घालून बाहेर पडली आणि अवकाळी पावसात चिंब भिजून परत आली. टिपकागदाने कोटाकडे पाहिलं, कोपऱ्यातली आईची खुर्ची ओढत बॉयलरपाशी आणली आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. आई भिजून आली की तो असाच उभा राहायचा. ताईला वाटलं, म्हणजे ह्याला आपण आई वाटलो. ती मुकाट्याने त्या खुर्चीत बसली आणि किती तरी वेळ बाहीने डोळे पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने स्वेटर चढवला तो कायमचा.

आता मधेच ड्रायव्हर उपटला. बस चालवायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, समोरच्याच इमारतीत एकटा राहायचा. गणवेश धुवायला आणता आणता हल्ली तो न मळलेले गणवेशही आणू लागला होता. "हा स्वच्छ आहे. कालच नेला," असं टिपकागदाने तोंडावर सांगितल्यावर ड्रायव्हर कानापर्यंत लाल झाला आणि त्याच भरात त्याने ताईला लग्नाचं विचारून टाकलं.

ताईला तो आवडत होता. नाही कशाला म्हणा. पण लग्न झालं की लाँड्रीमागची खोली सुटणार आणि ती रोज सकाळी रस्त्याकडच्या दाराने येणार, गिऱ्हाइकासारखी.

"एक दिवस हा स्वेटर विरणार," ती म्हणाली. "कोपरं तर गेलीच आहेत. मग मी समोर उभी राहीन आणि तो म्हणेल, हा कपडा आधी आलेला नाही. मला नाही सोसायचं ते."

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी पिवळा कोट घेऊन आला. "एकदा घालून जा. नाही ओळखलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

ताईने कोट घातला, डोळ्यांत काजळ घातलं आणि ऐन वेळी हवा म्हणून स्वेटर पिशवीत कोंबून ती पिशवी खांद्याला अडकवली. समोरच्या फुटपाथवर ड्रायव्हर उगाचच बुटाची नाडी बांधत बसला. कोपराने दार ढकलून ताई आत आली.

टिपकागदाने कोट वरपासून खालपर्यंत पाहिला. "हा आधी आलेला नाही," तो म्हणाला.

ताईने पिशवीत हात घातला.

"नवा आहे," टिपकागद पुढे म्हणाला. "अस्तर बरं आहे. ताई, मास्तर वाळलेत, घडी घाल."

"काय म्हणालास?"

"मास्तर वाळलेत."

"ते राहू दे. मी ताई आहे हे कशावरून?"

"हात रिकामे असले तरी तू दार कोपराने ढकलतेस. दुसरं कोणी ढकलत नाही."

ताईने काउंटर घट्ट धरला. "मग तेव्हा मला आईची खुर्ची का दिली होतीस?"

"तुला कुठे दिली? कोट ओला होता. आई ओला कोट खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकायची. तू कोटासकट बसलीस." त्याने जरा आठवून पाहिलं. "गादी पण भिजवलीस."

ताईने स्वेटर बाहेर काढून काउंटरवर ठेवला. टिपकागदाने तो चिमटीत धरून बाजूला सरकवला.

"तुझ्यासाठी घालत होते रे इतकी वर्षं."

"माझ्यासाठी कशाला?" त्याला खरंच नवल वाटलं. "मला तो टोचतो. मला वाटलं, तुला आवडतो."

ताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बाहेर ड्रायव्हर आता दुसऱ्या बुटाच्या मागे लागला होता. तिने कोटाच्या बाहीला डोळे पुसले आणि कोपराने दार ढकलून त्याला होकार द्यायला निघाली.

"ताई," टिपकागद मागून म्हणाला, "बाहीला काजळ लागलं. आता हा कोट तुझा."