विहिरीला ठेवलेलं भोक

आमगावकडच्या त्या गावात विहीर कुणी बुजवत नसे. पाण्याची माय गुदमरते, असं जुनी माणसं सांगत. म्हणून मागल्या उन्हाळ्यात धनेंद्रने परसातल्या पडीक विहिरीवर स्लॅब टाकला, तेव्हा त्याच्या आईने, सुखवंताने, मधोमध तांब्या जाईल एवढं भोक ठेवायला लावलं.

"तिले हवा लागू दे," ती म्हणाली होती.

विहीर आधी उपसा, माती भरा, मग पक्की बंद करा, असं सांगून गेलेल्या सरकारी माणसाचं कुणी ऐकलं नव्हतं.

आज बाळंतीण सुनेची, रिंकीची विहीरपूजा होती. सुखवंतानेही आपल्या प्रत्येक लेकरानंतर हीच विहीर पुजली होती. तेव्हा हळदीचं पाणी ओतलं की आतून बेडूक ओरडे, आणि बायका हसत, "घ्या, मामा बोलले."

रिंकीने भोकातून तांब्या रिकामा केला. खाली पाणी वाजलं. बेडूक बोलला नाही. वर आला तो वास, धानावर फवारायच्या औषधाचा.

"धनेंद्र, हा वास कायचा रे?"

"फवारणीचा पंप धुतलेलं पाणी हाये, माय. बोडीच्या तळ्यात टाकलं का मासे मरतेत. धानाच्या बांधीत टाकलं का ढोरं तोंड लावतेत. ही तर बंदच हाये ना. शेजारचा भुपेंद्रही इथंच टाकते. भोक बरं ठेवलंस तू."

त्याच्या बोलण्यात काहीच लपवलेलं नव्हतं. सुखवंताची नजर अंगणातल्या बोरिंगवर गेली. बोरिंग मारत होते, त्या दिवशी ही विहीर दुधासारखी गढूळ झाली होती.

"तवा तूच म्हणला होतास ना, दोन्हीचा झरा एकच हाये म्हणून?"



पूजेनंतर बाळंतिणीने घरात न्यायची पहिली घागर बोरिंगखाली भरून ठेवली होती. सुखवंताने ती ओतून द्यायला उचलली आणि तशीच कमरेवर धरून उभी राहिली. ओतायची तरी कुठं? जिथं ओतेल तिथून ते खालीच जाणार होतं.

"माय," रिंकी हळूच म्हणाली, "मी तं रोज हेच पेऊन राहिली."

आत बाळ रडायला लागलं.

"जा ना बाई, भुकेजलं ते," पूजेला आलेली एक बाई म्हणाली.

रिंकीने दोन्ही हातांनी पदर छातीशी आवळून धरला. ती जागची हलली नाही.