थाळ्यावरची जागा

"आणखी थोडा वाकवा, आंटी. येतोय की," रेवा म्हणाली. ही खारघरहून येणारी फिजिओथेरपिस्ट. झुबेदाचा नवा गुडघा दोन्ही हातांत धरून ती मागे रेटत होती.

"जमिनीवर कधी बसू?" झुबेदाने दात आवळून विचारलं.

रेवाने तिच्या सुनेकडे, महेककडे पाहिलं. "आंटी, आता मांडी घालायची नाही. उकिडवंही बसायचं नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं ना?"

महेक खिडकीचा पडदा नीट करायला लागली. पडदा नीटच होता.

"आम्ही तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऑपरेशन केलंच नसतं, अम्मी," ती शेवटी म्हणाली. "शाहीदच कुवेतहून बोलले, आत्ता सांगू नको, कळेल हळूहळू."

गुडघा बदलायचा तो चालण्यासाठी, असं घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. झुबेदाला चालून कुठे जायचं होतं? तिला बसायचं होतं. लग्नात जमिनीवर दस्तरखान अंथरला की मधोमध बिर्याणीचा मोठा थाळा येतो आणि भोवती चौघी-चौघी बसून त्या एकाच थाळ्यात जेवतात. झुबेदा, हलीमा आणि आणखी दोन मैत्रिणी, हा थाळा लग्न होऊन पनवेलला आल्यापासून ठरलेला. हलीमा गोश्तचा मऊ तुकडा शोधून उजवीकडे, झुबेदाच्या पुढ्यात सरकवायची. झुबेदा आपला बटाटा तिला द्यायची. बाकीच्या दोघी अल्लाला प्याऱ्या झाल्या, तरी या दोघींनी थाळा सोडला नाही. दुखऱ्या गुडघ्याने झुबेदा कण्हत खाली बसायची, जेवण झाल्यावर दोन पोरी तिला काखेत धरून उभी करायच्या, पण ती बसायची. आता दुखणं गेलं आणि बसणंही गेलं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा. तिला सुनेचा राग आला, मुलाचा, शाहीदचा, त्याहून जास्त आला, आणि तो गिळून ती व्यायाम करत राहिली.

काही महिन्यांत ती शाहीदने पाठवलेले बूट घालून वडाळे तलावाला फेऱ्या मारायला लागली. महेक तिचा व्हिडिओ काढून कुवेतला पाठवायची. ओळखीचे लोक थांबून म्हणायचे, "माशाअल्ला, खाला, जवान झालात तुम्ही." झुबेदा मान हलवायची. जवानीत ती जमिनीवर बसत होती, हे यांना कोण सांगणार?

हलीमाच्या नातीचं, यूम्नाचं लग्न निघालं. हॉलमध्ये भिंतीला लागून झुबेदासाठी खुर्ची ठेवली होती, समोर स्टूल, त्यावर वेगळी प्लेट. खाली सगळ्या बायका दस्तरखानाला बसत होत्या. झुबेदा उठली आणि हलीमाच्या थाळ्यापाशी गेली. तिथे चारही जागा भरल्या होत्या. हलीमाच्या उजवीकडे नवऱ्या मुलाची कुणी मावशी बसली होती.

"हलीमा, सरक जरा. मी बसते."

हलीमाने वर पाहिलं. "नको गो. महेकचा फोन आलेला, तुला खाली बसू द्यायचं नाय. उद्या काय झालं तर शाहीद मला बोलेल. तुला खुर्ची हाय ना, आरामात जेव की."

झुबेदा तिथेच उभी राहिली. भांडावं असं तिला फार वाटलं, पण लग्नघरात नवऱ्या मुलाकडच्या बाईला उठवायचं कसं?

"खाला, उभ्याच आहात तर हात धुवायचं पाणी फिरवता?" मागून एक मुलगी म्हणाली. "तुम्हाला तर आता मस्त चालता येतं."

तिने झुबेदाच्या हातात तांब्या आणि हातांखाली धरायचं पसरट भांडं, चिलमची, दिली. झुबेदाने हलीमाच्या हातांवर पाणी घातलं. हलीमाने खाली बघतच हात धुतले. मग मावशीने धुतले.

आणखी दोन थाळ्यांवर पाणी फिरवून झुबेदाने मागे वळून पाहिलं. हलीमाने बोलता बोलता मऊ तुकडा शोधला आणि सवयीने उजवीकडे सरकवला. मावशीने तो खाल्ला.

झुबेदा चिलमची घेऊन पुढच्या थाळ्याकडे गेली. गुडघा अजिबात दुखत नव्हता.