बिनआवाजाचं रडं

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं होय? पण आमच्या सासूबाईंपुढं बोलायची कुणाची टाप!

माझी धाकटी जाऊ दीपश्री सातव्या महिन्यात होती. तिचा अण्णा, सुमंत, बेलूरच्या कारखान्यातून घरी येताना अपघातात गेला. एकुलता भाऊ हो! सासूबाईंनी ठरवलं, पोटुशीला सांगायचं नाही, बाळाला बाधतं. आज ना उद्या कळणारच, सांगून टाका, म्हटलं मी. मलाच गप्प बसवलं. कंपनीनं त्याला पुण्याला पाठवलंय म्हणायचं. तिला संशय नको म्हणून ठरलेलं डोहाळजेवणही उरकलं. पुढं बाळंतिणीचं दूध आटेल म्हणून आणखी तीन महिने तेच. शेवटी सांगितलं, तर दीपश्री नुसतं ‘बरं’ म्हणाली. सासूबाई खूश, पोरगी किती समजूतदार!

तिची वेदश्री आता अडीच वर्षांची आहे. पडू दे, भूक लागू दे, डोळ्यांतून नुसतं पाणी, तोंडातून आवाज नाही. बोलणंही दोनचार शब्दांचं. हुबळीच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, चांगले निघाले. गरोदरपणात आईला काही ताण होता का, असं विचारलं त्यांनी. तळहातावरच्या फोडासारखी जपलीय, सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. दीपश्री खाली मान घालून बसली.

काल पोर उंबऱ्याला अडखळली. ओठ फुटला. हूं नाही की चूं नाही. उठली, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि स्वतःचं तोंड दाबून रडायला लागली. एवढ्याशा जिवाला हे शिकवलं कुणी?

मागनं दीपश्री आली, ते बघून मटकन खालीच बसली.

“अक्का, डोहाळजेवणाला माझ्या आईनं ओटी भरली नाही. चंद्रभागाकाकूला पुढं केलं. दुखवटा असल्याशिवाय आई मागं राहील का? त्यात पुण्याहून अण्णाचा एक फोन नाही. अण्णा गेला, हे तेव्हाच कळलं मला. तुम्ही सगळे एवढं झाकत होता, मग मी रडू कुठं? इथंच रडले, रोज, नळ सोडून. आधी ही पोटात होती, मग मांडीवर.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. आता बोला की, म्हणावंसं वाटलं. पण त्यांचं तोंड बघून माझा राग जिरला.

मी नळ बंद केला. “रड, बाई,” म्हटलं, “मोठ्यानं रड आता.”

‘अण्णा’ म्हणून तिनं हंबरडा फोडला. वेदश्री दचकली. मग आईच्या मांडीवर चढली, रक्तानं माखलेला हात तिच्या तोंडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं नळ सोडायला लागली.