तिरफळाला बांधलेली दोरी

ओकुनो मिस्त्रींना मी तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा ते छप्पर बघायला आले तेव्हा, दुसऱ्यांदा फोनवर आणि तिसऱ्यांदा त्यांच्या गोदामाच्या दारात उभी राहून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. तिन्ही वेळा ते मान डोलावून म्हणाले, "होय होय वहिनी, काळजी घेऊ." संत्री ठेवून घेतली.

मी याच खोऱ्यात जन्मले आणि याच खोऱ्यात दिली गेले. असलं 'होय' मीही जन्मभर म्हणत आलेय. वर्गणी मागायला येणाऱ्यांना, विमा विकायला येणाऱ्या बाईला, आणि सासूबाईंना तर रोज दहा वेळा. त्यामुळे त्या होयमध्ये किती दम असतो हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

सांगणं एवढंच होतं की स्वयंपाकघरामागच्या तिरफळाजवळ कुणी जाऊ नये. सप्टेंबरच्या वादळानं आमच्या छपराचा आढ्याकडचा भाग उचलून शेजारच्या भातात नेऊन टाकला होता. सगळी कौलं उतरवायची, कौलांखालची साठ वर्षांची माती खरवडून खाली आणायची, फळ्या बदलायच्या, नवी कौलं चढवायची, असं काम निघालं. त्यासाठी घराभोवती लोखंडी परांची बांधावी लागते. आणि परांचीचा मागच्या कोपऱ्यातला खांब नेमका तिरफळाच्या बुंध्यापाशी येत होता. त्याच कोपऱ्यातून माती खाली सोडायचाही त्यांचा बेत होता.

तिरफळासारखं नाजूक झाड नाही. अंगभर काटे, फळ जिभेवर ठेवलं तर ओठ बधिर होतात, सगळा आव पैलवानाचा. पण मुळं जमिनीखाली जेमतेम चार बोटं. जागचं हलवलं की मेलं, मुळांवरची माती तुडवली की मेलं, पाणी साचलं की मेलं. आणि मरताना कुरकुरसुद्धा करत नाही. आज हिरवं असतं आणि आठवड्यानं सरपण होतं.

डोंगराच्या उतरणीवर आमची सत्तर झाडं होती. ओळीनं दोन उन्हाळे पावसाचे गेले, मुळं कुजली आणि एकेक करत सत्तरही गेली. उरलं ते हे एक, घराच्या आडोशाला, पागोळीच्या आत उभं असलेलं. याच झाडाच्या काड्यांवरून माझ्या सासऱ्यांनी सगळी बाग उभी केली होती. द्राक्षांसारखे घोस धरणारं असं तिरफळ आता खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे राहिलेलं नाही. उतरणीवर रानतिरफळाचे खुंट मी लावून ठेवले होते. कलम बांधायचं ते मार्चमध्ये, झाड झोपेत असताना. आत्ता ऑक्टोबरात पानांसकट काडी कापली तर तिचा काही उपयोग नाही. म्हणजे या झाडाला मार्चपर्यंत जगवायचं होतं. ते गेलं असतं तर बाग कायमची गेली असती.

आमच्या यजमानांचं, किकुओंचं म्हणणं असं की छप्पर आधी. पलंगाशेजारी तीन बादल्या ठेवून झोपणाऱ्या माणसाचं दुसरं काय म्हणणं असणार? "झाड काय, दुसरं लावता येईल," म्हणाले. मी म्हटलं, "नवराही दुसरा करता येतो, अजून केला नाही." त्यावर ते बादल्या ओतायला उठले.

काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. शुक्रवारी मिस्त्रींचा माणूस येऊन परांचीच्या खांबांच्या जागा खडूनं आखून गेला. मी मागे जाऊन बघितलं, तर बुंध्यापासून वीतभर अंतरावर पांढरी फुली. त्या फुलीकडे बघत मी बराच वेळ उभी राहिले. राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. मिस्त्रींना मी चौथ्यांदा सांगितलं असतं आणि चौथ्यांदा होय मिळालं असतं.

मग मी कोठारातून नव्या भाताचा पेंढा काढला.

देवळासाठी आणि देव वसतो अशा जुन्या झाडांसाठी वर्षअखेरीस आम्ही बायका दोर वळतो. देवाचा दोर उलटा वळायचा असतो, डावीकडे. माझ्या हातांना त्याची सवय आहे. सरकत्या दारांना लावायचा पांढरा कागद घरात होता. त्याच्या नागमोडी पट्ट्या कापल्या, दोरात अडकवल्या आणि दोर तिरफळाच्या बुंध्याला बांधला. काट्यांनी हात ओरबाडले. मागे सरून पाहिलं तर माझं मलाच चांगलं दिसलं. शंभर वर्षं त्या झाडात कुणीतरी राहतंय असं वाटावं, इतकं.

किकुओ आंघोळीच्या बंबासाठी लाकूड आणायला मागे गेले आणि तसेच परत आले.

"ते कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आजपासून."

लाकूड आणायला ते पुन्हा मागे गेले. तेव्हापासून तिथून जाताना दरवेळी मान किंचित झुकवायला लागले. बेचाळीस वर्षांत माझ्यापुढे कधी झुकवली नव्हती.

सोमवारी ओकुनो मिस्त्री चार गड्यांना घेऊन आले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड तांदूळ धूत उभी. मिस्त्री कोपऱ्यावर आले आणि थांबले. डोक्याला गुंडाळलेला पंचा त्यांनी सोडला. गडी त्यांच्यामागे थांबले. कुणीच मला काही विचारलं नाही. अर्धा तास ते आपसांत हळू आवाजात बोलले, मग फुली पुसली. खांब दोन हात पलीकडे गेला, कोपऱ्यावरची फळी भिंतीतून तिरके आधार काढून अधांतरी बांधली आणि माती सोडायची वाट घराच्या दुसऱ्या अंगाला नेली. त्यापायी त्यांचा अख्खा दिवस जास्तीचा गेला. मी संत्री नेऊन जे मागितलं ते मिळालं नव्हतं. कागदाच्या चार पट्ट्यांनी ते न मागता मिळवलं.

मला हसू आलं, आणि लाजही वाटली. त्या लाजेपोटीच मी पुढचे तीन दिवस मागच्या बाजूला फिरकले नाही, स्वयंपाकघराची खिडकीही उघडली नाही. दहाचा आणि तीनचा चहा पुढच्या ओसरीवर द्यायचा, भांडी उचलायची, आत यायचं. माती दुसऱ्या बाजूला धुरळा उडवत खाली येत होती आणि माझं झाड पलीकडे सुखरूप होतं. मी खूश होते.

शुक्रवारी सकाळी मागे गेले ती वाळत टाकलेलं फडकं वाऱ्यानं उडालं म्हणून. झाडाची एक बाजू पिवळी दिसली. ऑक्टोबरात पानं पिवळी होतातच, पण ही कडांनी करपली होती आणि एकाच बाजूची होती. खाली बघितलं. बुंध्याभोवतीची जमीन पांढरी होती, पागोळीच्या आत असल्यामुळे कोरडी ठणठणीत. मला वाटलं कौलांचा चुरा असेल. बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ होतं.

तिथेच उकिडवी बसले. शिडीवरून तात्सुमी उतरत होता, पन्नाशीचा, जाड मानेचा गडी. मी त्याला हाक मारली. त्यानं आधी झाडाला हात जोडले आणि मग सगळं कौतुकानं सांगितलं. रोज सात वाजता मिस्त्री सगळ्यांना इथे उभं करतात, मूठभर मीठ आणि पेलाभर साके, म्हणजे तांदळाची दारू, वाहतात आणि मग काम सुरू होतं. काल दुपारी त्याचा, म्हणजे तात्सुमीचा, छपरावरून पाय सुटला. कठड्याला धरून लटकला आणि नडगी सोडून कुठे खरचटलंही नाही. म्हणून आज सकाळी मिस्त्रींनी किलोभराची अख्खी पिशवी वाहिली.

"मोठी देवता आहे वहिनी," तात्सुमी म्हणाला. "माझ्या पोरींचं नशीब."

 आत येऊन ओट्याला धरून उभी राहिले. दोन मार्ग होते. गप्प बसावं, उरलेले सहा दिवस रोज मीठ पडू द्यावं, अब्रू राखावी आणि मार्चमध्ये वाळकं सरपण तोडावं. नाहीतर पाच पुरुषांपुढे जाऊन सांगावं की तुम्ही ज्याला हात जोडता ते मी पेंढ्याचं केलेलं ढोंग आहे. या गावात असली गोष्ट तीन पिढ्या पुरते. माझ्या नातसुनेलाही कुणीतरी ऐकवलं असतं. पण अब्रूची कलमं होत नाहीत. मी चहा केला.

दहा वाजता ओसरीवर पेले मांडले, लोणच्याची बशी ठेवली आणि आत न जाता समोर गुडघे टेकून बसले. किकुओही तिथेच होते, तो बसण्याचा प्रकार बघून त्यांचा चेहरा उतरला.

"मिस्त्री," मी म्हटलं, "त्या झाडात देव नाही. दोर मी बांधलाय. गेल्या शुक्रवारी, माझ्या हातानं. ते साधं तिरफळ आहे आणि मिठानं मरतंय. आजपासून मीठ घालू नका. मी खोटं वागले, मला क्षमा करा." आणि कपाळ ओसरीच्या फळीला टेकवलं.

 तात्सुमीनं पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वहिनी, असं बोलू नये," तो म्हणाला.

ओकुनो मिस्त्रींचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "म्हणजे पाच दिवस मी माझ्या माणसांना घेऊन एका तिरफळापुढे वाकत होतो."

"होय."

"हसला असाल."

"पहिल्या दिवशी हसले."

किकुओंनी डोळे मिटून घेतले.

"एवढं खोटं कशाला?" मिस्त्री म्हणाले. "झाड जपायचं होतं तर सरळ सांगायचं. आम्ही काय राक्षस आहोत?"

तोवर माझं कपाळ फळीवर होतं. ते मी उचललं. क्षमा मागायला बसले होते हे खरं, पण हे ऐकल्यावर माझ्यानं राहवेना.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तीनदा. इथे अंगणात, मग फोनवर, मग तुमच्या दारात येऊन. मुळं चार बोटांवर आहेत, हे एकच झाड उरलंय, सगळं सांगितलं. तुम्ही तीनदा होय म्हणालात आणि बुंध्यापाशी फुली मारलीत. खरं बोलले तेव्हा वीतभरापलीकडे जागा मिळाली नाही, मिस्त्री. खोटं बोलल्यावर तुम्ही खांब हलवलात."

 मिस्त्रींचे कान लाल झाले. संत्री आठवली असावीत. ते उठले, पायात बूट सरकवले आणि घराला वळसा घालून मागे गेले. मला वाटलं, आता सामान उचलतील आणि उघडं छप्पर तसंच टाकून जातील. किकुओंनाही तेच वाटलं, कारण त्यांनी आभाळाकडे पाहिलं. आम्ही सगळेच मिस्त्रींच्या मागून गेलो.

ते झाडासमोर उभे होते. मी पुढे होऊन दोर सोडला, तो गुंडाळून किकुओंच्या हातात दिला आणि देवळात नेऊन जाळायला सांगितलं. दोर गेल्यावर तिरफळ फार किरकोळ दिसायला लागलं. पिवळं, काटेरी, एका बाजूनं करपलेलं.

मिस्त्री खाली बसले. कमरेची थापी काढली.

"किती खोल खरवडायचं?" त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत त्या माणसानं झाडाबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"दोन बोटं," मी म्हटलं. "त्याखाली मी हातानं काढते."

त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. थापी आडवी धरून, कौलाखाली चुना सारखा करतात तसं, त्यांनी खारट माती साल काढल्यासारखी उचलली. काट्यांनी त्यांच्या बाह्या फाडल्या, मानेवर रेघा उठल्या. मी मुळांमधली माती बोटांनी काढत गेले. वरच्या रानातून पालापाचोळ्याची काळी माती आणून आम्ही ती तिथे भरली. पाणी मी मोजून घातलं, एकेक पेला, थांबून थांबून.

तात्सुमी लांब उभा होता. त्याचं मन मोडलं होतं आणि ते मी मोडलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

"मग काल मला कुणी धरलं?" त्यानं मिस्त्रींना विचारलं.

"कठड्यानं," मिस्त्री वर न बघता म्हणाले. "कठडा मी बांधला होता. हवं तर माझ्यावर मीठ टाक."

एक गडी हसला, मग तात्सुमीही नाइलाजानं हसला. मिस्त्री गुडघे झाडत उठले आणि आपल्या माणसांकडे वळले.

"हे झाड आहे," ते म्हणाले. "नुसतं झाड. यात कुणी नाही. इथे कुणी पाय ठेवायचा नाही."

कुणी ठेवला नाही. सहाच्या जागी सात दिवस लागले. त्या कोपऱ्यावर दोर नव्हता, कागद नव्हता, खडूची रेघसुद्धा नव्हती, आणि पाचही माणसं जड फळ्या खांद्यावर घेऊन लांबून वळसा घालून जात होती. बादल्या किकुओंनी धुऊन कोठारात ठेवल्या.

हिवाळाभर मला झाड जगलंय की मेलंय ते कळलं नाही. पानं गळाल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी कलमाचा चाकू घेऊन गेले आणि फांद्यांची साल नखानं टोकरून पाहिली. मीठ पडलेल्या बाजूला साल तपकिरी निघाली, वरपासून खालपर्यंत. भिंतीकडच्या बाजूला ती हिरवी होती. त्या अर्ध्या झाडावरून मी एकतीस काड्या काढल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून उतरणीवरच्या खुंटांकडे गेले.