चौथ्या खुर्चीचा कोट

मी एक जुना, गडद निळा कोट आहे. लंडनच्या पिनर या उपनगरातल्या एका घरात, माडीवरच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझ्या उजव्या बाहीला एक लहानसे भोक आहे. पाहणारे म्हणतात, कोटाला कसर लागली. मित्रांनो, कसर माझ्या वाटेला कधीच गेली नाही. आमच्या रेखाबाई इतक्या डांबरगोळ्या टाकतात की मला डोके असते तर ते कायम दुखत राहिले असते. त्या भोकाची हकीकत निराळी आहे. ती एका जेवणाची हकीकत आहे.

माझा जन्म १९८४ सालचा, ईलिंगमधल्या एका शिंप्याच्या दुकानातला. रेखाबाईंचे यजमान जयंतराव माप द्यायला आले होते. ते रोज ट्रेनने शहरात ऑफिसला जात. वाटेत एक जुने, भारदस्त स्टेकहाउस, म्हणजे गोमांसासाठी नावाजलेले हॉटेल, लागे. पितळी मुठीचे दार, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, आणि रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत निवांत जेवणारी जोडपी. आत जायचे तर पुरुषाच्या अंगावर कोट हवाच, असा तिथला नियम होता. ऑफिसचा कोट झिजून चकाकू लागला होता, म्हणून मी शिवला गेलो. लग्नाच्या वाढदिवसाला रेखाबाईंना त्या खिडकीत बसवायचे, असे जयंतरावांच्या मनात होते.

एखाद्याने मुलीचे लग्न काढावे, तसा त्यांनी त्या जेवणाचा बेत आखला. फोन करून खिडकीजवळचे टेबल सांगून ठेवले. गोमांसाशिवाय काय मिळते ते विचारले. मासे मिळतात हे कळल्यावर तर स्वारी हरखली, कारण दोघेही वेंगुर्ल्याकडचे. मग मला अंगात घालून, घरच्या टेबलाशी बसून, ते काट्याचमच्याने बांगडा सोडवायचा सराव करू लागले. बांगड्याने काही दाद दिली नाही. शेवटी मला खुर्चीवर टांगून त्यांनी तो हातानेच खाल्ला आणि माझ्या उजव्या खिशावर दोनदा थोपटून आतली लवंग तोंडात टाकली. ती त्यांची सवयच होती. रेखाबाई हसून लोटपोट झाल्या होत्या.

हसता हसता त्यांनी विचारले, "पण हे हॉटेल कसलं आहे हो?"

जयंतरावांनी सांगितले, आणि हसू थांबले.

"आपण मासेच खाऊ गं. गाईला कोण शिवतंय?"

"अहो, भांडी तीच, तवा तोच. मी त्या दारात पाऊल ठेवणार नाही. तुम्हाला एवढी हौस असेल तर जा एकटे."

जयंतरावांनी मला खुर्चीवरून उचलून हातावर घेतले. मग म्हणाले, "वीस वर्षं झाली इथे येऊन. सगळ्या खिडक्या बाहेरूनच बघितल्या. एकदा तुझ्याबरोबर आत बसून बाहेर बघावं, एवढंच होतं."

त्यांनी फोन उचलला आणि टेबल रद्द केले. मिसेसची तब्येत बरी नाही, असे कारण दिले. मिसेस स्वयंपाकघरात ठणठणीत उभ्या होत्या. मी कपाटात गेलो.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात स्टेशनच्या फलाटावर जयंतराव कोसळले ते उठलेच नाहीत. त्या वेळी त्यांच्या अंगात तो ऑफिसचा झिजका कोट होता. मला त्याचा आजही हेवा वाटतो.

दहाव्याला मागच्या बागेत पिंड ठेवला. मित्रांनो, आपल्याकडे असे मानतात की कावळा पिंडाला शिवला तर गेलेला माणूस तृप्त झाला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा मागे राहिली. त्या दिवशी मी माडीवर खिडकीशी टांगलेला होतो, म्हणून सगळे पाहिले. गॅरेजच्या छपरावर एक कावळा बसला होता. तो पिंडाकडे पाही, पण खाली काही येईना. रेखाबाई हात जोडून म्हणाल्या, "आपल्या लेकीचं, शिल्पाचं शिक्षण पुरं करीन." कावळा हलला नाही. "हे घर विकणार नाही." तरीही नाही. एकच गोष्ट बोलायची राहिली होती आणि ती त्यांच्या ओठांवर येईना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि वेळ निभावली.

रेखाबाईंच्या मनातून मात्र तो खरा कावळा उडाला नाही. कपाटाचे दार आपोआप उघडू लागले. बिजागरी सैल झाली होती, हे मला आतून दिसत होते. पण रेखाबाई दचकून म्हणत, "आले वाटतं." मग माझ्याजवळ येऊन, खिशात उरलेल्या लवंगेचा वास घेत उभ्या राहत. "अहो, आहात का?" असे त्या माझ्या रिकाम्या बाहीला विचारत. मला फार वाईट वाटे. ते माझ्यात आहेत की नाहीत, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

अकरा वर्षे अशीच गेली. शिल्पाने राजीवशी लग्न केले. तो इथेच जन्मलेला आणि क्रॉयडनला नोकरी करणारा. रेखाबाईंचा साठावा वाढदिवस आला, तेव्हा शिल्पाने विचारले, "आई, सेलिब्रेट कुठे करायचं? तू सांग, मी बुक करते."

रेखाबाईंनी त्या स्टेकहाउसचे नाव घेतले. शिल्पा फोनपाशी जाऊन म्हणाली, "ओके. टेबल फॉर थ्री."

"चार."

"आई, आपण थ्रीच आहोत ना?"

"तुझे बाबा."

"आई, प्लीज. धिस इज नॉट हेल्दी. आणि तू तर तिथे जाणार पण नव्हतीस!"

"तेव्हा नाही म्हटलं गं. तेच अजून गळ्यात अडकलंय."

मग रेखाबाईंनी बेत सांगितला. खिडकीजवळचेच टेबल. चौथ्या खुर्चीच्या पाठीवर मी. चौथ्या पानावर मासा, कोणी हात न लावलेला. तो बांधून आणायचा आणि सकाळी कावळ्यासाठी बागेच्या भिंतीवर ठेवायचा.

ठरल्या दिवशी रेखाबाई मला हातावर घेऊन त्या पितळी मुठीच्या दाराशी पोचल्या. तेवढ्यात क्रॉयडनहून थेट राजीव आला, तो शर्टावरच. "सॉरी, आई. माझा जॅकेट ऑफिसच्या चेअरवर राहिला." दारावरच्या माणसाने अदबीने हॉटेलचा एक कोट पुढे केला. रेखाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग जावयाकडे. मला छातीशी धरून त्या क्षणभर थांबल्या.

"नको. हा घाला," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी माझ्यात ऊब आली. आम्ही खिडकीत बसलो. काचेपलीकडून माणसे घाईने जात होती आणि जाता जाता आत डोकावत होती. आणि मग राजीवच्या हाताने माझ्या उजव्या खिशावर दोनदा थोपटले, आतली लवंग काढली आणि तोंडात टाकली.

रेखाबाईंचा घास हातातच राहिला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय, आई?" राजीवला खरोखरच काही कळले नव्हते.

रेखाबाईंना रडू आवरेना. शिल्पा त्यांना तोंड धुवायला घेऊन गेली. तेवढ्यात वेटर आला. चौथी खुर्ची रिकामी, मासा तसाच. त्याने शिस्तीत ताट उचलले. "नो, वेट!" म्हणत राजीव झेपावला आणि माझी उजवी बाही त्याच्याच ताटातल्या माशावरच्या लोण्यात बुडाली. तो उठून आत जाईपर्यंत मासा केराच्या डब्यात गेला होता.

परतीच्या ट्रेनमध्ये रेखाबाई एकच वाक्य बोलल्या. "पुन्हा माझ्याकडूनच राहिलं."

सकाळी शिल्पाने माझी बाही पुसली आणि मला बागेतल्या दोरीवर वाळत घातले. रेखाबाईंनी भिंतीवर नुसता दहीभात ठेवला. छपरावरच्या कावळ्याने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. तो उडाला आणि थेट माझ्या खांद्यावर येऊन बसला. मी शहारलो. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले, मग वाकून बाहीवर चोच मारली. धागे तुटेपर्यंत मारली.

शिल्पा हाकलायला धावली. रेखाबाईंनी तिचे मनगट धरले.

"थांब. शिवला."

"आई, ते बटर आहे. त्याला फिशची वास येते."

"असू दे. बटर तर बटर."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या खिशाला लवंगेचा वास येत नाही. कपाटाचे दार अजूनही आपोआप उघडते, पण रेखाबाई आता दचकत नाहीत. येतात, माझ्या बाहीवरून हात फिरवतात आणि दार लावून जातात. त्या सुटल्या याचा मला आनंद आहे. पण मी रिकामा झालो, आणि मला जयंतरावांची फार आठवण येते.

माझे भोक कोणी रफू करू नका, एवढे मागणे आहे. आणि आपले माणूस कधी हौसेने "चल" म्हणाले, तर हवे तेवढे भांडा, मासे मागवा, नाहीतर नुसता चहा घ्या, पण त्याच्याबरोबर जा. नंतर सगळे कावळ्यावर सोडावे लागते.